दोन दिवसांचा पिवळा रंग

मैनानं अर्धं सोडलेलं जाळं आमच्या ओसरीच्या खुंटीला आठ महिने तसंच लटकून होतं. विणायची बांबूची सुईसुद्धा शेवटच्या गाठीत अडकलेली होती. मी त्याला हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. भादव्यात गुणाबाई आली आणि न विचारता तिनं ते खाली उतरवलं.

गुणाबाई मैनाची धाकटी बहीण. आमच्याच गावात दिलेली, चार घरं पलीकडे राहते. आम्ही ढिवर लोक. गावच्या तलावाची मासळी आणि थोडंसं धान, यावर आमचं घर चालतं. दोघी बहिणी लहानपणापासून जाळं विणत आल्या.

"याले उंदीर लागून राह्यले, भाऊजी," ती म्हणाली. "बाईचं काम अर्धं नाई ठेवत. मी पुरं करून देतो."

मैनाला ती बाई म्हणायची. ती उंबऱ्यापाशी बसली आणि विणू लागली. चार-पाच ओळी झाल्यावर तिनं जाळं दोन्ही हातांनी ताणून दाराच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिली.

"बाईनं इथी वाकडं विणलं का जी?" तिनं विचारलं. "मधातले चौकोन आत ओढल्यासारखे दिसते. मासा अडकल्यावर दिसते तसे."

मी जाळं हातात घेतलं. एकेक गाठ बोटानं तपासली. सगळे चौकोन सरळ होते. मैनाचे होते आणि गुणाबाईनं विणलेलेही होते. मी तिथंच ओट्यावर बसलो.

हेच मी एकदा ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी, याच दारात, मैनाच्या तोंडून. तेव्हा मी हसलो होतो. म्हातारी झाली, हात चळला, असं म्हणालो होतो. तिनं विणलेलं दोन हात जाळं मी तिच्यासमोर उसवायला घेतलं. उसवताना लक्षात आलं की एकही गाठ चुकलेली नाही. चूक जाळ्यात नव्हती, डोळ्यात होती.

गुणाबाईचं तर आणखी कठीण. तिच्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल आहे. त्या डोळ्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळतो. ती जे काही बघते ते उजव्यानं. आणि आता तोच उजवा सरळ गोष्ट वाकडी दाखवत होता.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, पोळ्याच्या आधीपासून. लाइटचा खांब मध्ये वाकलेला दिसतो, भिंतीची कड वाकलेली दिसते. तिनं घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दवाखान्यात नेतील, म्हणून.

"आन् दवाखान्यात मी जात नाई," ती म्हणाली. "बाईले नेलं तवा काय झालं, आपण पायलं."

काय झालं ते पूर्ण फक्त मला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, मृग लागायच्या आधी, मी मैनाला नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागे एक पडदा असतो. त्या पडद्याखाली नको तिथं नव्या बारीक रक्ताच्या नळ्या उगवल्या आहेत. त्या कच्च्या असतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, म्हणून पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. आधी त्या नळ्यांचा फोटो काढायचा, मग डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. उशीर केला तर नजरेचा मधला भाग जातो आणि गेलेला परत येत नाही.

फोटोसाठी मैनाच्या हाताच्या शिरेत रंगाचं इंजेक्शन दिलं. रंग रक्ताबरोबर डोळ्यात जातो आणि मशीन भराभर फोटो काढते. फोटो झाल्यावर मैनाला मळमळलं. ती चूळ भरायला आत गेली आणि तेवढ्यात नर्स माझ्याकडे आली. ती म्हणाली, बाबा, यांचं अंग पिवळं दिसेल, लघवी हळदीसारखी होईल, ते त्या रंगाचं आहे. दोन दिवसांत आपोआप जाईल. त्यांना सांगा, नाहीतर घाबरतील. दहाव्या दिवशी इंजेक्शनला घेऊन या.

मी हो हो म्हणालो. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. गडचिरोलीची बस सुटली तर पुढची गाडी गावापर्यंत पोचवत नव्हती. बसमध्ये आमच्या बाजूला दोन अनोळखी माणसं बसली होती. त्यांच्यासमोर बायकोला लघवीचं कसं सांगायचं? घरी गेल्यावर सांगू म्हणालो. ब्रह्मपुरीच्या पुढं मला झोप लागली. घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलं होतं.

सकाळी मैना न्हाणीतून रडत बाहेर आली. तोंड पिवळं, हात पिवळे. अर्ध्या तासात आमच्या अंगणात दहा बाया जमल्या. सगळ्या एकच बोलल्या, कावीळ. मंगलीबुढीनं मैनाची नखं पाहिली आणि सांगितलं की काल टोचलं ते अंगात भिनलं.

तेव्हा मला नर्सचं बोलणं आठवलं. पण पूर्ण नाही. पिवळं होईल म्हणाली होती हे आठवलं. मी हळूच म्हणालो, तो दवाईचा रंग असेल. मंगलीबुढी माझ्याकडे वळली.

"रंग अंगातून निघते का कधी, उमाजी? तू का डाक्टर हायेस?"

बाया हसल्या. मी गप्प बसलो.

आमच्या गावात मुखरू कावीळ उतरवतो. दोन तालुक्यांतून लोक त्याच्याकडे येतात. नारळ आणि उदबत्ती, एवढंच तो घेतो. तो माझा लहानपणचा सोबती. वेलीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवून तो बारीक माळ करतो आणि रोग्याच्या गळ्यात घालतो. माळ जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरत जाते, असं सगळे मानतात. त्या दिवशी त्यानं मैनाला माळ घातली. तेल बंद, हळद बंद, मासळी बंद. महिनाभर नुसता भात आणि ताक.

माळ घालताना मी जवळ उभा होतो. मी जाळं विणणारा माणूस. गाठ पाहिली की ती पुढं काय करणार ते मला कळतं. ती सरकगाठ होती. काडी ओली असते तोवर घट्ट धरते, काडी वाळली की दोरा सैल होतो आणि माळ लांबते. कावीळ असो की नसो, ती लांबणारच. हे मला त्याच क्षणी कळलं आणि तेव्हाही मी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मैनाचं अंग साफ झालं. नर्सनं सांगितलं होतं तसंच. आता तर माझी खात्रीच झाली. पण तोवर माळ छातीपर्यंत आली होती, मैना मुखरूच्या पाया पडून आली होती आणि गुणाबाईनं मारुतीला नारळ फोडला होता. मैना म्हणाली, मुखरूभाऊनं वाचवलं, आता त्या दवाखान्याचं नाव काढू नका. मी विचार केला, भीती जरा उतरू दे, मग सांगतो. दहावा दिवस गेला. मग धानाची रोवणी आली. रोवणीनंतर तिच्या त्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग आला, तो राहिला.

ती त्याचीही थट्टा करायची. चांगला डोळा हातानं झाकून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुमचं तोंड दिसत नाई जी. कान तेवढे दिसते. बरं हाय."

अडीच वर्षांनी, पौषात, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिच्या छातीत कळ आली. गडचिरोलीला नेता नेता ती गेली. तिथल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. गावानं मात्र आपलं ठरवलं. त्या रंगाच्या दवाईनं तिचं रक्त नासलं, वरून कावीळ गेली पण आत राहिली. गुणाबाई हे सगळ्यांत जास्त मानत होती. बहीण होती ती.

आणि आता तिचा एकुलता डोळा चालला होता.

मी आधी सोपा रस्ता धरला. गुणाबाईची सून दिव्यानी आमच्या गावची आशा वर्कर आहे. तिला सांगितलं. तिनं दोन दिवसांत फोन करून माहिती काढली. चंद्रपूरला एका डोळ्याच्या दवाखान्यात नवी मशीन आली होती. सुई नाही, रंग नाही, नुसता उजेड टाकून त्या नळ्यांचा फोटो निघतो. दिव्यानीनं सासूला चार वेळा समजावलं. गुणाबाईचं एकच, मशीन नवी असेल, लोक तेच आहेत. नवरा रामाजी बोलला तर त्याच्याशी तिनं बोलणंच सोडलं.

मग मी मुखरूकडे गेलो. मला वाटलं, तिचा त्याच्यावर विश्वास आहे, तो जा म्हणाला तर जाईल. मुखरू गोठ्यात बैलाला पाणी दाखवत होता. मी त्याला सगळं सांगितलं, नर्सचंसुद्धा. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं. त्यानं बादली खाली ठेवली.

"मले तवाच सांगतलं असतं तर मी माळ घातली असती का, गा?" तो म्हणाला. "घरचा माणूस कावीळ म्हणते, मी कावीळ समजतो. तू उभा होता तिथी."

मी म्हणालो, चुकलंच. तू आता गुणाबाईला समजाव.

"मी काय समजावू? मले जे माहीत नाई ते मी नाई सांगत. माहीत तुले हाय."

त्यानं बादली उचलली आणि आत गेला. त्याला राग आला होता आणि तो बरोबर होता.

मी तिथून घरी गेलो नाही. घरी गेलो असतो तर उद्यावर टाकलं असतं. सरळ गुणाबाईच्या अंगणात गेलो. ती सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. सूप डोळ्याच्या अगदी जवळ धरलं होतं. रामाजी खाटेवर होता, दिव्यानी दारात रजिस्टर लिहीत होती. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. नर्स काय म्हणाली, मी का सांगितलं नाही, बसमधली माणसं, झोप, मंगलीबुढी, माळेची गाठ, तिसरा दिवस. काही सोडलं नाही. मैनाला कावीळ झालीच नव्हती हे सांगितलं. दहाव्या दिवशी नेलं असतं तर तिचा डोळा कदाचित वाचला असता, हेही सांगितलं.

गुणाबाईचा हात सुपात थांबला होता.

"बाईले कधी सांगतलं?" तिनं विचारलं.

"नाई सांगतलं."

"मरेपर्यंत?"

"नाई."

ती उठली. सूप दिव्यानीच्या हातात दिलं आणि आत गेली. रामाजी मला म्हणाला, जा आता. मी निघालो.

दोन दिवस ती माझ्या घराकडे फिरकली नाही. तलावावर दिसली तर वाट बदलायची. मला वाटलं, बोलून मी गुणाबाईही गमावली आणि तिचा डोळा तर जाणारच. जाळं खुंटीला परत टांगलं. त्या दोन दिवसांत मी मैनाशी पुष्कळ बोललो. ती असताना बोलायला हवं होतं ते बोललो. भिंतीला सांगण्यासारखंच ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिव्यानी आली. उद्या सहाच्या बसनं चंद्रपूरला जायचं, म्हणाली. आत्याबाई येणार आहेत.

"आन् तुमाले बी यायला सांगतलं," दिव्यानी म्हणाली. "म्हणे, त्याले घेतल्याबिगर मी गाडीत चढत नाई."

बसमध्ये गुणाबाई दिव्यानीजवळ खिडकीशी बसली. मी मागच्या बाकावर. सावली, मूल, मग जंगल. मूलच्या पुढं रस्त्याला लागून चितळांचा कळप उभा होता. दिव्यानीनं सासूला दाखवला. गुणाबाई म्हणाली, पाय दिसतात, मधलं अंग दिसत नाही.

दवाखान्यात आधी डोळ्यात थेंब टाकले. मग एका लहान खोलीत नेलं. टेबलावर पांढरी मशीन, तिला हनुवटी टेकवायची जागा आणि कपाळ टेकवायला पट्टी. मशीन चालवणारी मुलगी गुणाबाईला म्हणाली, आई, आत निळी खूण दिसेल तिच्याकडे पाहा, डोळा हलवू नका, पापणी मारू नका, थोडाच वेळ. दारात उभं राहायला आम्हाला परवानगी होती.

गुणाबाईनं आधी मुलीचे दोन्ही हात पाहिले. सुई नाही ना, याची खात्री केली. मग हनुवटी टेकवली.

पहिला फोटो बिघडला. दुसराही. मुलगी चांगली होती, चिडली नाही. म्हणाली, डोळा हलतो आहे, त्यामुळं फोटोवर आडव्या रेघा येतात. गुणाबाई म्हणाली, मी काय करू, ती खूण एका जागी राहतच नाही, बघायला गेलं की मोडते. ज्या जागेनं बघायचं तीच जागा तिची बिघडली होती. तिसरा फोटोही गेला. मुलगी दिव्यानीला हळू आवाजात म्हणाली, असं स्थिर राहिलं नाही तर मॅडम कदाचित रंगाची तपासणी सांगतील.

रंग हा शब्द गुणाबाईनं ऐकला. तिनं हनुवटी काढली आणि पदर सावरला. ती उठणार होती.

मी दारातून बोललो. तीन दिवसांत तिच्याशी मी बोललो नव्हतो.

"गुणा, बस. गळ टाकला तवा दोरीची काडी पाण्यावर तरंगते, लाटेनं हलते. आपण काडीच्या मागं डोळा फिरवतो का?"

ती तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाई."

"मग कुठी पायतो?"

"ती बुडन तिथी."

"तशीच पाय. खूण मोडू दे. ती जिथी होती तिथी पाय."

आमच्या पोरीबाळींना हे शिकवावं लागत नाही. गुणाबाई सात वर्षांची असल्यापासून तलावाच्या काठी गळ घेऊन बसली आहे. डासानं चावलं तरी ती हलायची नाही, मैना सांगायची. तिनं परत हनुवटी टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसली. मुलगीही श्वास धरून होती. मशीनमधून बारीक आवाज आला आणि थांबला.

"आला," मुलगी म्हणाली. "छान आला, आई."

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. काळ्यावर राखाडी बारीक धाग्यांचं जाळं दिसत होतं. मी विचारलं, रंग टाकला नाही तर हे दिसलं कसं? त्यांनी सांगितलं की मशीन त्याच त्या जागेवर पुन्हा पुन्हा उजेड टाकते. जे स्थिर आहे ते सोडून देते, जे हलतं ते धरते. डोळ्याच्या मागे हलणारी गोष्ट म्हणजे रक्त. ते जिथून वाहतं ती नळी उमटते.

हे मला लगेच समजलं. पहाटे तलाव शांत असतो तेव्हा मासा दिसत नाही, पण पाणी कुठं हललं ते दिसतं. त्यावरून आम्ही जाळं फेकतो.

मग त्यांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. तिथं धागे वेगळे होते. आखूड, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले, पाळीत घुसलेल्या मुळांसारखे. या नळ्या तिथं असायला नको, डॉक्टर बाई म्हणाल्या. अजून लहान आहेत. वेळेवर आलात. महिन्यातून एक असं तीनदा इंजेक्शन देऊ, मग परत फोटो काढून बघू. आहे ती नजर बहुतेक टिकेल. गेली तेवढी सगळी परत येईल असं मी सांगत नाही.

गुणाबाई त्या गुंत्याकडे एकटक बघत होती. तिला किती दिसत होतं कोण जाणे.

"रंगाची दवाई वाईट राहते का, बाई?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही हो. आम्ही अजूनही काही जणांना देतो. या मशीनमध्ये झिरपणं दिसत नाही, ते रंगातच दिसतं. थोडं मळमळतं, एक-दोन दिवस अंग पिवळं राहतं, बस."

"दोन दिवस," गुणाबाई म्हणाली.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी खाली फरशी बघत होतो.

इंजेक्शन त्याच दुपारी दिलं. सुई डोळ्यात जाणार हे कळल्यावर ती भ्याली, पण गेली. आतून आली तेव्हा तिला सगळं धूसर दिसत होतं. दिव्यानी औषधं आणायला खाली गेली होती. नर्स कागद घेऊन आली आणि विचारलं, पेशंटसोबत कोण आहे?

मी उभा राहिलो.

नर्स सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. भिंतीवर घड्याळ होतं. मी तिकडे बघितलं नाही. सांगून झाल्यावर ती जायला निघाली तेव्हा गुणाबाईनं तिचा हात धरला.

"थांब वं बाई. याले म्हणू दे आधी. भाऊजी, काय सांगतलं तिनं?"

शाळेत मास्तर उभं करतात तसं मला वाटलं. मी म्हणालो, "थेंब दिवसातून चारदा, आठ दिवस. हात धुवून टाकायचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाई, चोळायचा नाई. दुखलं नाईतर नजर कमी झाली तर त्याच दिवशी निघून यायचं, उद्यावर नाई टाकायचं. पुढची तारीख अठरा."

"आन्?"

मी डोक्यात शोधलं.

"आन् डोळ्याच्या पांढऱ्यात रक्तासारखा लाल डाग दिसन," मी म्हणालो. "त्याले भ्याचं नाई. आठ-दहा दिवसांत आपोआप जाते."

"हे मी गावात कोणालेच नाई सांगणार," गुणाबाई म्हणाली. "तू सांगजो."

ती मला कधी तू म्हणाली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, मला ते लागलं नाही. उठताना तिला पायरी दिसेना. तिनं हात लांब केला आणि माझ्या दुपट्ट्याचं टोक धरलं. तशीच ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यात लाल डाग होता. चांगला बोटाच्या नखाएवढा. मी तलावावरून येईपर्यंत तिच्या अंगणात बाया जमल्या होत्या. मंगलीबुढी खाटेवर बसून गुणाबाईचं तोंड उजेडाकडे फिरवत होती आणि म्हणत होती, फुटला डोळा, मी सांगतलंच होतं. मुखरूही आला होता. कुणीतरी बोलावलं असेल. तो दाराशी टेकून उभा होता.

गुणाबाईनं माझी चाहूल घेतली. ती काही बोलली नाही.

मी मासळीची टोपली खाली ठेवली. म्हणालो, तो डाग सुईचा आहे, आठ-दहा दिवसांत जाईल, मला नर्सनं सांगितलं आहे. मंगलीबुढीनं विचारलंच, तू का डाक्टर हायेस?

"नाई," मी म्हणालो. "पण मले सांगतलं आन् मी आयकलं. मागच्या वेळी बी सांगतलं होतं."

मग मैनाचं सगळं सांगितलं. दहा-बारा बाया, दोन-चार माणसं. कुणी माझ्याकडे बघत होतं, कुणी मुखरूकडे. एक बाई म्हणाली, आता काहीही सांगते हा, बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हा मुखरू दार सोडून पुढं आला.

"माळ मी घातली होती," तो म्हणाला. "तो म्हणून राह्यला ते खरं हाय. यापुढं माझ्याकडे कोणी आलं तर मी आधी पुसन, दवाखान्यात गेलता का."

मंगलीबुढीनं गुणाबाईचं तोंड सोडलं. हळूहळू बाया उठल्या.

संध्याकाळी गुणाबाई माझ्या ओसरीवर आली. खुंटीवरचं जाळं उतरवलं, दाराच्या उजेडात ताणून धरलं. मी विचारलं, कसं दिसतं?

"अजून वाकडंच हाय," ती म्हणाली.

मग उंबऱ्यापाशी बसली, जाळं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून, बोटानं चाचपत, मैनाच्या आणि आपल्या ओळींच्या पुढं विणू लागली. अठरा तारखेला कोणत्या बसनं जायचं, ते तिनं मला दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.